मुंबईहून लँकेशायरकडे : रेल्वेत आलेल्या इंग्रज पूर्वजाचे मूळ गाव कसे शोधावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपल्या आजीचे आजोबा इंग्रज होते. ते १८७० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत फिटर म्हणून आले, मुंबईत त्यांचे लग्न झाले, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत संसार झाला आणि पुढे दोन पिढ्यांत हे घर मराठी झाले. ते लँकेशायरचे होते आणि एका लॉर्डच्या घराण्यातले होते, असे घरात सांगत आले आहेत. आपल्याकडे त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा एक उतारा आणि एक छायाचित्र आहे. यावरून त्यांचे इंग्लंडमधले गाव व मागच्या पिढ्या कशा शोधाव्यात, लॉर्डची गोष्ट कितपत खरी मानावी आणि डीएनए चाचणीचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. भारतात आलेल्या इंग्रज कुटुंबांची मुळे शोधणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

अगोदर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्लंडच्या नोंदी इतक्या विपुल आहेत, आणि घरबसल्या पाहता येणाऱ्या नोंदींचे प्रमाण आता इतके मोठे आहे, की पूर्वजाच्या नावाचा माणूस सापडणे ही अडचण राहिलेली नाही. अडचण असते ती सापडलेल्यांपैकी आपला कोणता, हे सिद्ध करण्याची. १८५० च्या आसपास लँकेशायरमध्ये जन्मलेले, विल्यम नावाचे, वडिलांचे नाव जॉन किंवा थॉमस असलेले आणि आडनावही सर्रास आढळणारे असे अनेक मुलगे जन्मनोंदींच्या सूचीत निघतील. त्यांतला एक सोयीचा वाटला म्हणून उचलला, की त्याच्यामागे आई-वडील, आजोबा-पणजोबा अशी पाच-सहा पिढ्यांची रांग पटापट उभी राहते, आणि ती संपूर्ण रांग दुसऱ्याच कुटुंबाची असू शकते. लोकांनी तयार करून ठेवलेल्या वंशावळींतल्या बहुतेक चुका याच एका उडीतून आलेल्या असतात, आणि एकाची चूक दुसरा उतरवून घेतो म्हणून ती दहा ठिकाणी दिसते. दहा ठिकाणी दिसते म्हणून ती खरी ठरत नाही. तेव्हा आपण ज्ञात पिढीपासून एकेक पायरी मागे जावे आणि भारतातली कागदपत्रे पूर्ण तपासून होईपर्यंत इंग्लंडच्या सूचीला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

भारताच्या बाजूने आपले नशीब चांगले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या पाद्र्यांनी आपापल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला ठरावीक मुदतीने वर पाठवायच्या आणि त्या शेवटी लंडनला पोहोचायच्या, अशी पद्धत होती. या नकला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याच्या, दफ्तरात जपलेल्या आहेत. बंगालची मालिका एन १, मद्रासची एन २ आणि मुंबई इलाख्याची एन ३ या क्रमांकाखाली आहे. मुंबईची मालिका १७०९ पासून १९४८ पर्यंत चालते. तिच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची शोधसूची विनामूल्य आहे. मात्र ही मालिका मुख्यतः अँग्लिकन चर्चची, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या नोंदी तिच्यात अपुऱ्या आहेत, आणि वधू भारतीय ख्रिस्ती असेल तर लग्नाची नकल लंडनला गेलीच असेल असे धरून चालता येत नाही. अशा वेळी मूळ नोंदवही त्या त्या चर्चमध्येच पाहावी लागते.

आपल्याजवळचा बाप्तिस्म्याचा उतारा मौल्यवान आहे, पण त्यात आईचे माहेरचे नाव नसते आणि वडिलांचा जन्म कोठे झाला हेही नसते. म्हणून पहिले लक्ष्य लग्नाची नोंद हे असावे. ती मिळाल्यावर एकेक रकाना सावकाश वाचावा. वयाच्या रकान्यात आकडा असेल तर जन्माचे साल दोन-तीन वर्षांच्या फरकाने कळते. 'पूर्ण वयाचा' एवढेच लिहिले असेल तर तो एकवीस वर्षे पूर्ण केलेला होता, याहून अधिक काही ठरत नाही. स्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' आहे की 'विधुर', हे फार महत्त्वाचे असते, कारण विधुर असेल तर इंग्लंडमध्ये किंवा भारतात आधीचे एक लग्न झालेले असते आणि त्या लग्नाची नोंद हा गावाकडे जाणारा आणखी एक मार्ग ठरतो. वडिलांच्या नावाचा रकाना हा तर आपल्या साऱ्या शोधाचा आधार आहे. इंग्लंडमधला जो मुलगा आपण आपला म्हणून निवडू, त्याच्या वडिलांचे नाव याच्याशी जुळलेच पाहिजे. साक्षीदारांची नावेही टिपून ठेवावीत, कारण परदेशात नातेवाईक नसलेल्या कारागिराच्या लग्नाला साक्षीदार म्हणून पुष्कळदा त्याच्याच गावचा किंवा त्याच्याच कारखान्यातून आलेला सोबती उभा राहत असे. एक लक्षात असू द्यावे, की लंडनमधली प्रत ही नकल आहे. वराची खरी सही हवी असेल तर ती मुंबईतल्या मूळ नोंदवहीतच मिळेल, आणि पुढे एखाद्या इंग्रजी कागदावरच्या सहीशी ताडून पाहण्यासाठी ती उपयोगी पडते.

लग्नाच्या नोंदीत जन्मगाव नसते, त्यामुळे दोन देशांना जोडणारा दुवा इतरत्र शोधावा लागतो, आणि खरी मेहनत इथेच आहे. थडग्यावरचा लेख हा सर्वांत आधी पाहावा. रेल्वेच्या गावांतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मृताचे मूळ गाव कोरलेले आढळते, आणि सोबत्यांनी वर्गणी काढून दगड बसवला असेल तर ते आढळण्याचा संभव अधिक असतो. दुसरे म्हणजे इंग्लंडमधली स्थानिक वृत्तपत्रे. 'अमुक गावच्या अमक्यांचा मुलगा मुंबईस वारला' किंवा 'मुंबईस विवाहबद्ध झाला' अशी दोन ओळींची सूचना घरचे लोक गावच्या साप्ताहिकात देत असत, आणि ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये ही पत्रे शब्दावरून शोधता येतात. 'बॉम्बे' हा शब्द आणि आडनाव एवढ्यावर शोध घेतला तरी पुष्कळदा काम होते. तिसरे म्हणजे मृत्युपत्रे व मिळकतीच्या याद्या. भारतात वारलेल्या युरोपीयांच्या मिळकतीचे कागद इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. इंग्लंडमध्येही काही मालमत्ता असेल तर १८५८ पासूनच्या राष्ट्रीय प्रोबेट सूचीत (न्यायालयाने मान्य केलेल्या मृत्युपत्रांच्या यादीत) नोंद मिळते आणि तिच्यात अनेकदा वारसाचे नाव व नाते असते. रेल्वेतले अनेक कारागीर फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद होते. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या जुन्या सभासद नोंदवह्यांत वय व व्यवसाय सापडतो. रेल्वे कंपन्यांच्या लंडन कार्यालयाची जी कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत तीही पाहावीत. जहाजांच्या याद्यांमागे मात्र वेळ घालवू नये, कारण इंग्लंडहून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या १८९० पासूनच्याच जपलेल्या आहेत.

मुलांची नावेही दुर्लक्षू नयेत. त्या काळच्या इंग्रज घरांत मुलाचे मधले नाव म्हणून आजीचे माहेरचे आडनाव देण्याची रीत सर्रास होती. आपल्या उताऱ्यातल्या मुलाचे मधले नाव एखाद्या आडनावासारखे असेल तर ते जपून ठेवावे. इंग्लंडच्या जन्मसूचीत आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो, आणि तिथे तेच नाव निघाले तर तो फार भक्कम पुरावा ठरतो.

'लँकेशायरचे' या कौटुंबिक आठवणीचा मान ठेवावा, पण ती कशाची आठवण आहे हे तपासावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची १८५३ मधली पहिली इंजिने लँकेशायरमधल्या न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात बनली होती. एखादा फिटर 'लँकेशायरहून आला' याचा अर्थ तो तिथे जन्मला असाही होतो, आणि कोठेतरी दुसरीकडे जन्मून तिथे काम शिकून आला असाही होतो. जो माणूस क्रू, डर्बी किंवा स्विंडनच्या रेल्वे कारखान्यांत काम करून आला, तो तिथला मूळ रहिवासी असेलच असे नाही. ही गावे रेल्वेमुळे खूप वाढली आणि चारी बाजूंनी आलेल्या माणसांनी भरली. शिवाय जुने लँकेशायर आजच्यापेक्षा पुष्कळ मोठे होते. लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही दोन्ही शहरे १९७४ च्या फेररचनेपर्यंत त्यातच मोडत. नव्या नकाशावर शोधणाऱ्याला गाव मर्सीसाइडमध्ये सापडते आणि जुन्या नोंदी लँकेशायरच्या नावाखाली असतात, त्यामुळे गोंधळ होतो.

आता इंग्लंडच्या नोंदींकडे वळू. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि लग्ने यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. आपला पूर्वज १८५० च्या सुमाराचा असल्यामुळे तो या काळात येतो. सूची तिमाहीवार असते आणि तिच्यात गावाचे नाव नसून नोंदणी जिल्ह्याचे असते. उदाहरणार्थ, वर आलेल्या न्यूटन-ल-विलोजमध्ये जन्मलेले मूल सूचीत 'वॉरिंग्टन' जिल्ह्याखाली दिसते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो 'न्यूटन' शोधत बसतो व इंग्लंडभर पसरलेली त्याच नावाची भलतीच गावे पाहत राहतो. जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे नाव १९११ च्या तिसऱ्या तिमाहीपासूनच दिलेले आहे. जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या आताच्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासून घातलेले आहे, त्यामुळे एकाच जोडप्याची सगळी मुले ओळीने लावता येतात. जन्मनोंद न करणाऱ्याला दंड होण्याची तरतूद १८७५ पासून अमलात आली. त्याआधीच्या, विशेषतः पहिल्या काही दशकांतल्या, बऱ्याच मुलांची सरकारी नोंद झालीच नाही. नोंद सापडली नाही म्हणून मूल तिथे जन्मलेच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी चर्चमधला बाप्तिस्मा पाहावा.

मग उमेदवारांची छाननी सुरू होते. नाव, साधारण साल आणि वडिलांचे नाव या तिन्हींना बसणारे सगळे मुलगे कागदावर उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाचा माग पुढच्या जनगणनांतून काढावा. जनगणना दर दहा वर्षांनी होत असे, आणि आपल्या कामाच्या तारखा ३० मार्च १८५१, ७ एप्रिल १८६१, २ एप्रिल १८७१ आणि ३ एप्रिल १८८१ या आहेत. जो मुलगा लहानपणीच वारला तो यादीतून गेला. १८८१ च्या जनगणनेत जो बायकामुलांसह इंग्लंडमध्येच राहताना दिसतो तोही गेला, कारण त्या वर्षी आपला पूर्वज इगतपुरीत होता. जो १८७१ पर्यंत दिसतो, तेव्हा फिटर किंवा फिटरचे काम शिकणारा आहे, त्यानंतर इंग्लंडच्या एकाही जनगणनेत दिसत नाही आणि तिथल्या लग्न व मृत्यूच्या सूचीतही नाही, तो उरतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण तिच्याशिवाय निवडलेला माणूस केवळ अंदाज असतो. दोन उमेदवार शेवटपर्यंत उरले तर दोघांच्याही भावंडांचा माग काढावा. एखाद्या भावाच्या घरी जनगणनेच्या रात्री 'पुतण्या, जन्म ईस्ट इंडीज' असे मूल दिसले तर निकाल लागलाच. मुलांना शाळेसाठी किंवा हवापालटासाठी विलायतेतल्या नातेवाइकांकडे पाठवण्याची प्रथा होती, म्हणून १८८१ व १८९१ च्या जनगणनेत जन्मस्थान 'बॉम्बे' किंवा 'ईस्ट इंडीज' असा शोध त्या आडनावाखाली जरूर घ्यावा.

जनगणनेचे पान वाचण्याची एक शिस्त आहे. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याची सूचना होती, म्हणून तिथला 'पंचवीस' हा एकोणतीसही असू शकतो. शिवाय कुटुंबातली नाती दिलेली नाहीत आणि जन्म त्याच काउंटीतला (लँकेशायरसारख्या मोठ्या विभागातला) आहे की नाही एवढेच आहे. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) हे दोन्ही रकाने येतात, आणि आपल्याला हवे असलेले गाव बहुधा इथेच प्रथम दिसते. पण हे पान म्हणजे कुटुंबाने भरलेला मूळ तक्ता नसून गणकाने केलेली नकल आहे. घरच्यांच्या हातचे तक्ते १९११ पासूनच जपलेले आहेत. त्यामुळे एकाच माणसाचे जन्मस्थान तीन जनगणनांत तीन प्रकारे लिहिलेले आढळते. लहानपणी आई-वडिलांनी सांगितलेले जन्मस्थान त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानावे, कारण मोठेपणी माणूस आपण जिथे वाढलो ते गाव सांगतो. नात्याच्या रकान्यात 'सन-इन-लॉ' लिहिले असेल तर तो जावईच असेल असे नाही. आठ वर्षांच्या मुलासमोर हे लिहिलेले असते तेव्हा तो सावत्र मुलगा असतो, आणि त्याचे खरे आडनाव वेगळे असते. पान उघडल्यावर केवळ आपल्या घरापुरते पाहू नये. मागची-पुढची दोन पाने वाचावीत. आजी-आजोबा, आत्या आणि मावश्या पुष्कळदा त्याच रस्त्यावर राहत असतात.

उमेदवार नक्की झाला की त्याच्या जन्माची नोंद मागवावी. इंग्लंडच्या जन्मनोंदीत आईच्या नावापुढे 'फॉर्मर्ली' लिहून माहेरचे आडनाव देतात, आणि मध्ये 'लेट' लिहून आणखी एक आडनाव असेल तर तिचे आधी एक लग्न झालेले होते असे समजावे. जन्मवेळ दिलेली असेल तर बहुतेक वेळा ते जुळे असते. वडिलांचा रकाना कोरा असेल तर मूल विवाहबाह्य होते; अशा मुलाने मोठेपणी आपल्या लग्नात आजोबांचे किंवा सावत्र वडिलांचे नाव 'वडील' म्हणून सांगितलेले असू शकते, आणि छाननी करताना वडिलांचे नाव कोठेच जुळले नाही तर ही शक्यता तपासावी. नोंदणीला बेचाळीस दिवसांची मुदत असल्यामुळे उशीर झालेले पालक जन्मतारीख थोडी पुढे सरकवून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची निघाली तर घाबरून जाऊ नये.

यानंतरची पायरी सोपी आणि फार फलदायी आहे. त्याच्या आई-वडिलांचे लग्न १८४० नंतरचे असेल तर त्या लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही आजोबांची नावे आणि व्यवसाय असतात. एका कागदात दोन घराणी मिळतात. तिथून पुढे मात्र १८३७ पूर्वीच्या चर्चच्या नोंदवह्यांचा प्रदेश सुरू होतो आणि कागद कमी बोलू लागतो.

पॅरिशच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सगळ्या गावांच्या वह्या तेव्हापासूनच्या मिळत नाहीत. अनेक ठिकाणी त्या १५५८ पासून, म्हणजे पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून आहेत, आणि यादवी युद्धाच्या काळात १६४२ ते १६६० दरम्यान मोठ्या फटी आहेत. या वह्यांत जन्म नसून बाप्तिस्मा असतो. खुद्द शेक्सपियरचीही जन्मतारीख कोठे नोंदलेली नाही. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ रोजी लॅटिनमध्ये 'जॉनचा मुलगा विल्यम' याचा बाप्तिस्मा नोंदला आहे, आणि त्यावरूनच जन्मतारखेचा अंदाज करतात. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या, त्यामुळे वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण नियमाने मिळते. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या असतात, पण १८३७ पर्यंत लग्नाच्या नोंदीत वडिलांचे नाव नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी मृत्युपत्रे, साक्षीदार आणि भावंडांचे बाप्तिस्मे यांचा एकत्र विचार करावा लागतो. १७५२ पूर्वी इंग्रजी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७०१ अशी नोंद आजच्या हिशेबाने १७०२ ची असते. हे न कळल्यामुळे मुलाचा जन्म आई-वडिलांच्या लग्नाआधीचा दाखवणाऱ्या वंशावळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या जोडप्यांवर तो अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

लँकेशायरबाबत दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे तिथले जुने पॅरिश आकाराने फार मोठे होते आणि एकेका पॅरिशमध्ये अनेक टाउनशिप, म्हणजे लहान गावे, येत. न्यूटन हे त्या काळी न्यूटन-इन-मेकरफील्ड या नावाने विनिकच्या पॅरिशमध्ये होते. त्यामुळे कुटुंब न्यूटनचे आणि नोंद विनिकच्या सेंट ऑस्वाल्ड चर्चमध्ये, असे होणे स्वाभाविक आहे. दुसरी म्हणजे लँकेशायरमध्ये कॅथलिकांचे आणि अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांचे प्रमाण मोठे होते. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (एक प्रॉटेस्टंट पंथ) आणि ज्यू सोडून सर्वांना लग्न अँग्लिकन चर्चमध्येच करावे लागे, पण बाप्तिस्मा ते आपापल्या उपासनागृहात करीत. म्हणून लग्न सापडते आणि मुलांचे बाप्तिस्मे सापडत नाहीत, तेव्हा कुटुंब कोणत्या पंथाचे होते हा प्रश्न विचारावा. अँग्लिकन चर्चबाहेरच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळींच्या वह्या १८३७ नंतर सरकारजमा झाल्या व त्या लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पॅरिशच्या मूळ वह्या काउंटीच्या दफ्तरखान्यात असतात, लँकेशायरच्या बऱ्याचशा प्रेस्टन येथे. आणि लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स या स्वयंसेवकांनी केलेली सूची विनामूल्य पाहता येते.

गरीब कुटुंबांचा इतिहास संपून जातो असे पुष्कळांना वाटते, पण माझा अनुभव वेगळा आहे. १६६२ च्या 'सेटलमेंट' कायद्यानुसार गरिबाला मदत देण्याची जबाबदारी त्याच्या 'हक्काच्या' पॅरिशवर होती. त्यामुळे बाहेरून आलेला मजूर मदतीला आला, की न्यायाधीशांसमोर त्याची जबानी होई. जन्म कोठे झाला, कोणाकडे किती वर्षे चाकरी केली, लग्न कोठे झाले, मुले किती, हे सगळे त्याच्याच तोंडून लिहून घेतलेले असते. एका पानात आयुष्य सापडते, आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेजाऱ्याबद्दल मात्र तीन तारखांपलीकडे काहीही मिळत नाही. हे कागद काउंटीच्या दफ्तरखान्यात पॅरिशच्या पेटीतले कागद म्हणून ठेवलेले असतात. ते सूचीबद्ध आहेत का हे पत्र लिहून विचारावे. तिथले कर्मचारी अशा पत्रांना आस्थेने उत्तर देतात.

लॉर्डच्या घराण्याबद्दल सरळ सांगतो. उमरावांची घराणी इतकी बारकाईने नोंदलेली आहेत, की त्यांतला कोणी रेल्वेत फिटर होऊन मुंबईस आला असता तर त्याचा उल्लेख छापील वंशग्रंथांत मिळाला असता. आडनाव सारखे असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, आणि मानचिन्ह (ढालीवर काढतात ती खूण) हे व्यक्तीला व तिच्या वारसांना दिलेले असते, आडनावाला नव्हे. तेव्हा आडनावाचे मानचिन्ह म्हणून विकली जाणारी चित्रे घेऊ नयेत. तरीही अशी आठवण पूर्ण निराधार क्वचितच असते. न्यूटनचेच उदाहरण घ्या. तिथले जमीनदार लेह घराण्याचे होते आणि त्या घराण्यातल्या विल्यम जॉन लेह यांना १८९२ मध्ये लॉर्ड न्यूटन ही पदवी मिळाली. त्यांच्या जमिनीवर कूळ म्हणून राहणारा किंवा त्यांच्याकडे काम करणारा मनुष्य मुलांना 'आम्ही लॉर्ड न्यूटनचे' असे म्हणाला असेल, तर दोन पिढ्यांनंतर त्याचे 'लॉर्डच्या घराण्यातले' होणे अगदी शक्य आहे. म्हणून घरात त्या लॉर्डचे नाव कोणाला आठवते का, हे जरूर विचारावे. ते नाव गावाकडे बोट दाखवू शकते. याच्याशीच जोडून नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न इथे निकालात काढतो: ब्रिटनचा वंशाधारित व्हिसा आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले असेल तरच मिळतो, त्यामुळे आपल्या बाबतीत तो लागू होणार नाही.

डीएनए चाचणीचा उपयोग आहे, पण कागदांच्या जोडीने. आजीच्या आजोबांचा वाटा आपल्यात सरासरी सव्वासहा टक्के येतो, आपल्या आईत किंवा वडिलांत, ज्या बाजूची ही आजी आहे त्या बाजूने, साडेबारा टक्के आणि आजीच्या पिढीत पंचवीस टक्के. म्हणून चाचणी घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीची करावी. आजीचे एखादे भावंड हयात असेल तर त्यांची सर्वांत आधी. अहवालातल्या 'इतके टक्के इंग्लिश' या आकड्यातून गाव कळत नाही. उपयोग होतो तो जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. त्या यादीतल्या दोन-तीन अनोळखी माणसांच्या वंशावळी लँकेशायरच्या एकाच जोडप्याशी जाऊन मिळत असतील आणि ते जोडपे आपल्या छाननीतून उरलेल्या उमेदवाराचे आई-वडील किंवा आजी-आजोबा असतील, तर कागद आणि रक्त या दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आले, आणि तो पुरावा मी पक्का मानतो.

ही दोन साधने एकमेकांना तपासतात कशी, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे आहे. २०१२ मध्ये लेस्टर येथील एका वाहनतळाखाली सापडलेला सांगाडा त्याचाच आहे हे ठरवताना त्याच्या बहिणीच्या, ॲन ऑफ यॉर्कच्या, स्त्री-परंपरेतल्या दोन हयात वंशजांशी मातृवंशीय (फक्त आईकडून पुढे जाणारा) डीएनए जुळला. पण पुरुष-परंपरेने नात्यात येणारे जे पाच वंशज तपासले, त्यांतल्या एकाचाही वाय गुणसूत्राचा (ते वडिलांकडून मुलाकडे जाते) प्रकार राजाशी जुळला नाही, आणि त्या पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे राजघराण्याशी जोडलेल्या, शतकानुशतके छापल्या गेलेल्या वंशावळीतही एकाहून अधिक ठिकाणी कागदावरचा पिता आणि खरा पिता वेगळे होते. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या घरातही असे काही निघू शकते, म्हणून चाचणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही शक्यता आधी समजावून सांगावी आणि त्यांची मनापासून संमती असेल तरच नमुना पाठवावा. निकाल यायला काही आठवडे लागतात. तेवढ्या वेळात मुंबईच्या लग्नाची नोंद शोधून त्यातले वडिलांचे नाव हाती घ्यावे, आणि इगतपुरीच्या दफनभूमीत कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवून त्या आडनावाच्या प्रत्येक दगडाचे छायाचित्र काढून घ्यावे.